अक्षरमालिका: आधी तक्ता, मग बुद्धिमत्ता

"सर, आमच्या लेकराला बाकी सगळं येतंय, पण ते बुद्धिमत्तेचं काही जमेना."

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस आले की हे वाक्य पालकसभेत ऐकायला येतंच. नांदेड असो की लातूर, जिल्हा परिषदेची शाळा असो की शहरातली सेमी इंग्रजी. पालक हे काळजीने बोलतात, पण लेकरू शेजारीच उभं असतं आणि ते हे ऐकत असतं. गणितात मार्क कमी पडले तर आपण म्हणतो, 'गणित कच्चं आहे.' इंग्रजीत पडले तर 'इंग्रजी सुधारायला पाहिजे.' पण या विषयाचं नावच 'बुद्धिमत्ता चाचणी' असल्यामुळे इथे मार्क गेले की सरळ बुद्धीवरच बोट जातं. दहा वर्षांच्या मुलाने त्यातून काय अर्थ काढायचा?

म्हणून आज एकाच घटकावर बोलू. अक्षरमालिका. या प्रश्नात मुलं चुकतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांची बुद्धी कमी पडलेली नसते. हाताशी अक्षरांचा क्रम तयार नसतो, एवढंच. आणि तो क्रम तयार करायची सोय आपल्या मराठी वर्णमालेतच आहे.

हे कशासाठी, तेही सांगतो. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, त्यातले ५० बुद्धिमत्ता चाचणीचे, १०० गुणांचे. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत मानसिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, चार वर्षांचे ४८,००० होतात. मुखेड-कंधारकडच्या किंवा जळकोट-देवणीकडच्या मजुरी करणाऱ्या घराला ही रक्कम किती मोठी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि पुढे सकाळी ग्राउंडवर पळून दुपारी अभ्यासिकेत बसणाऱ्या पोलीस भरतीच्या पोरांसमोरही हीच अक्षरमालिका पुन्हा येते. पाचवीत राहिलेलं तिथेही राहिलेलंच असतं.

आता मुद्द्याकडे. फळ्यावर आपण अर्थातच इंग्रजी अक्षरं काढतो, इथे मात्र ती उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. तुम्ही वाचताना कागदावर इंग्रजी अक्षरं काढत चला.

मालिका अशी आहे: सी, एफ, जे, ओ, ?

हुशार म्हणून ओळखला जाणारा मुलगासुद्धा इथे काय करतो ते पाहा. तो ए पासून तोंडातल्या तोंडात म्हणायला लागतो. बोटं मोजतो. जे पर्यंत पोचला की मध्येच गोंधळतो, पुन्हा ए पासून सुरू करतो. मिनिट संपलं. त्याला वाढ ओळखता येत नाही असं नाही. हीच मालिका ३, ६, १०, १५ अशी आकड्यांत दिली तर तोच मुलगा चटकन 'तीन वाढले, चार वाढले, पाच वाढले, आता सहा, म्हणून २१' असं सांगतो. म्हणजे विचार त्याला येतो. अडलं ते जे म्हणजे १० आणि २१ म्हणजे यू, एवढ्यावरच.

यासाठी बाजारातल्या पुस्तकांत आणि क्लासमध्ये 'ईजोटी' शिकवतात. ई म्हणजे ५, जे १०, ओ १५, टी २०, वाय २५. चांगली युक्ती आहे, मीही ती शिकवत होतो. पण लहान मुलांच्या दृष्टीने तो आणखी एक मंत्र होतो. काहीजण 'ईजोटी' पाठ म्हणतात आणि ते कशासाठी हे विसरतात.

एकदा वर्गात मराठी अक्षरमालिका शिकवताना फळ्यावर वर्णमाला वर्गांप्रमाणे लिहिली होती. क ख ग घ ङ, खाली च छ ज झ ञ, खाली ट ठ ड ढ ण, मग त थ द ध न, मग प फ ब भ म. पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं. शेवटचा उभा रकाना वाचला: ङ, ञ, ण, न, म. त्यांचे क्रमांक ५, १०, १५, २०, २५. अरे, हे तर ईजोटीच! मग शेजारी इंग्रजी अक्षरं तशीच पाच-पाच करून मांडली.

ए, बी, सी, डी, ई
एफ, जी, एच, आय, जे
के, एल, एम, एन, ओ
पी, क्यू, आर, एस, टी
यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय
झेड

शेवटचा रकाना ई, जे, ओ, टी, वाय. आपल्या अनुनासिकांच्या बरोबर समोर. झेड एकटा उरला तो २६ वा, तसा आपला य सुद्धा २६ वा. दोन्ही तक्ते एकमेकांवर ठेवले तर पहिली २६ अक्षरं जोडीने बसतात. यात काही चमत्कार नाही, पाच-पाचच्या ओळी केल्या की कुठलीही अक्षरं अशीच बसणार. पण फरक असा की मराठी मुलाला पाच-पाचचा हा साचा पहिलीपासून डोळ्यांसमोर असतो. क-वर्ग, च-वर्ग त्याला नवे नाहीत. त्या ओळखीच्या साच्यात इंग्रजी अक्षरं बसवली की पाठ करायचं ओझं फार कमी होतं.

मुलांना मी आता एवढंच सांगतो: पेपर हातात आला की प्रश्नपत्रिकेत कच्च्या कामाच्या जागी हा तक्ता आधी काढायचा. सराव झाला की एका मिनिटाच्या आत होतो. ओळीच्या शेवटी ५, १०, १५, २०, २५ लिहायचं. मग जे कितवा हे मोजावं लागत नाही, दिसतंच. आर कितवा? चौथ्या ओळीत तिसरा, म्हणजे १५ आणि ३, अठरावा. हे एक मिनिट नंतर प्रत्येक अक्षरमालिकेत आणि सांकेतिक भाषेच्या प्रश्नांतही वसूल होतं.

आता मराठी मालिकेतली खाच. क, घ, छ, ?, ड. उत्तर काय? तीन-तीनने पुढे गेलं तर १, ४, ७, १०, १३, म्हणून ञ. पण वर्गात बऱ्याच मुलांना हे सुचतच नाही, कारण त्यांच्या मनातल्या वर्णमालेत ङ आणि ञ नसतातच! ते क, ख, ग, घ, च, छ असं म्हणतात. मग क ते घ तीन, घ ते छ दोनच, नियम जुळेना. मूल नियम शोधतंय बरोबर, पण त्याची वर्णमाला दोन अक्षरांनी तोकडी आहे. आपणच चित्रांच्या तक्त्यावर 'ङ ला शब्द नाही' म्हणून ते घाईत पुढे ढकललेलं असतं. तेव्हा मालिका शिकवण्याआधी एक दिवस फक्त वर्णमाला घ्या. राज्य शासनाने २००९ मध्ये जी प्रमाण वर्णमाला ठरवून दिली तिच्यात व्यंजनं ३४ आहेत, ळ हे ह नंतर चौतिसावं, आणि क्ष, ज्ञ ही जोडाक्षरं त्यापुढे वेगळी. श, ष, स हा क्रमही मुलांकडून म्हणवून घ्या. तिथे ष आणि स ची अदलाबदल हमखास होते.

मराठी तक्त्याचा आणखी एक फायदा आहे, जो इंग्रजीत नाही. ख, छ, ठ, थ, ? हा प्रश्न आकडे न मांडताही सुटतो. तक्त्यात उभं खाली उतरा, फ. किंवा नुसतं मोठ्याने म्हणा, प्रत्येक अक्षरात 'ह' ची फुंकर ऐकू येते. तोंडासमोर तळहात धरला तर हवा लागते. आपल्या पूर्वजांनी वर्णमाला उच्चाराच्या जागेवरून मांडली, कंठापासून ओठांपर्यंत. एबीसीडीच्या क्रमाला असा काही आधार नाही. म्हणून इंग्रजी मालिकेत आकडे लागतातच, मराठीत कधी कधी कान पुरतो.

तक्ता आला तरी एक चूक उरते, आणि ती मोठी मुलंही करतात. पाचवीतल्या एकाने सी आणि एफ मधला फरक 'दोन' लिहिला होता. मी विचारलं, "काय करायलास बाबा?" तर म्हणाला, "मधी दोनच हायेत की सर, डी अन् ई."

मी विचारलं, "नांदेडहून लातूरच्या बसनं चाकूरला निघालास, मधी मोठी गावं कोणती?"

"लोहा अन् अहमदपूर."

"मग बोटावर टप्पे मोज."

"नांदेड ते लोहा एक, लोहा ते अहमदपूर दोन, अहमदपूर ते चाकूर..." आणि तिसऱ्या बोटावर तो स्वतःच हसला.

मधली गावं दोन, टप्पे तीन. मधली अक्षरं दोन, वाढ तीन. सगळ्या मालिकेत मधलीच अक्षरं मोजली तरी उत्तर बरोबर येतं, त्यात चूक काही नाही. घोटाळा होतो तो एका ठिकाणी मधली अक्षरं आणि दुसऱ्या ठिकाणी टप्पे मोजले की. म्हणून मुलाला दोन्हीपैकी एकच सवय लावा. तक्त्याबरोबर टप्प्यांची सोयीची, कारण ती सरळ वजाबाकी आहे, ६ वजा ३.

बसचं हे उदाहरण पुढेही उपयोगी पडतं. ए, झेड, सी, एक्स, ई, व्ही, ? ही मालिका बघा. सलग वाचली तर काहीच लागत नाही, १, २६, ३, २४, ५, २२, सारखं वरखाली. इथे एकाच रस्त्यावर दोन बस आहेत, एक नांदेडहून लातूरकडे निघालेली आणि दुसरी लातूरहून नांदेडकडे. एकाआड एक अक्षर घ्या. ए, सी, ई पुढे जाते, पुढचं थांबं जी. झेड, एक्स, व्ही उलट येते. प्रश्नचिन्ह पहिल्या बसचं आहे, म्हणून जी. मालिका लांबलचक असेल, सहा-सात पदं असतील, तर दोन बस असण्याचा संशय आधी घ्यावा. प्रश्न काढणाऱ्याला दोन मालिका गुंफायच्या असल्यामुळेच पदं जास्त द्यावी लागतात.

जोडाक्षरांचे गट आले, जसं बी-डी, एफ-एच, जे-एल, ?, तर तेच करायचं. पहिली अक्षरं वेगळी: २, ६, १०, म्हणून १४. दुसरी वेगळी: ४, ८, १२, म्हणून १६. उत्तर एन-पी.

आणि बस शेवटच्या थांब्यावर पोचली तर? व्ही, वाय, बी, ई, ? इथे मुलं म्हणतात, "सर, वाय नंतर तीन अक्षरंच नाहीत." झेड नंतर पुन्हा ए सुरू होतो. घड्याळात १० वाजल्यानंतर ४ तासांनी १४ न म्हणता २ म्हणतो, तसंच. २५ आणि ३ मिळून २८, त्यातून २६ गेले, उरले २, म्हणून बी. पुढे ई, आणि मग एच. मागून पुढून समोरासमोर येणारी अक्षरं (ए-झेड, बी-वाय) यांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी २७, हे एवढं मात्र पाठच असू द्यावं. एचच्या समोर कोण? २७ वजा ८, एकोणिसावा, एस.

एक प्रकार असा आहे की तिथे हा सगळा तक्ता निरुपयोगी. अ ब _ अ ब क _ ब क अ _ क. यात वर्णमालेचा क्रम शोधायला गेलं तर वेळ जातो. इथे ताल आहे, लेझमीसारखा. आधी रिकाम्या जागा धरून अक्षरं मोजायची, १२ आली. मग तीन-तीनचे, चार-चारचे गट करून बघायचे. तीनचे गट पाडले की अबक, अबक, अबक, अबक. गाळलेली अक्षरं क, अ, ब. मुलांना हे मोठ्याने म्हणायला लावा, टाळी वाजवत. पाचवीची मुलं हा प्रकार सगळ्यात लवकर शिकतात.

हर्बर्ट सायमन, ज्यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि केनेथ कोटोव्हस्की यांनी १९६३ मध्ये अशाच अक्षरमालिकांवर काम केलं होतं. माणूस या मालिका कशा सोडवतो हे समजून घेण्यासाठी त्यांनी संगणकाला त्या सोडवायला लावल्या. त्यांच्या मांडणीत दोन पायऱ्या होत्या. आधी मालिका किती अक्षरांनी 'पुन्हा फिरते' ते शोधायचं, म्हणजे आपला ताल किंवा बसची संख्या, आणि मग त्या जागांवरच्या अक्षरांचं एकमेकांशी नातं. मालिका अवघड कधी होते? एकाच वेळी जास्त गोष्टी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात तेव्हा. मला हे वाचून बरं वाटलं, कारण वर्गात तेच दिसतं. कागदावर तक्ता काढला की डोक्यातलं निम्मं सामान खाली ठेवल्यासारखं होतं, आणि मग मूल मोकळेपणाने विचार करतं.

आता एक कबुली. सराव परीक्षेत प्रश्न होता: ए, बी, डी, ? पर्याय होते ई, एफ, जी, एच. उत्तरसूचीत जी. एक वाढला, दोन वाढले, मग तीन, सरळ आहे. एका मुलीने एच लिहिलं होतं. मी चूक दिली. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, मी डबल केलंय. एक, दोन, चार, आठ."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा नियम माझ्या नियमाइतकाच नेमका होता, तीनही पदांना लागू पडत होता. गणितात तर याहून मजा आहे. वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडले तर आतले भाग जास्तीत जास्त १, २, ४, ८, १६ असे होत जातात, आणि सहाव्या बिंदूला ३२ न येता ३१ येतात. पाच पदांनंतरही नियम फसवू शकतो, तिथे तीन पदांची काय कथा. मी तिला पूर्ण गुण दिले आणि प्रश्न वर्गासमोर ठेवला. त्या दिवशी जेवढी चर्चा झाली तेवढी दहा सराव पेपरांत झाली नव्हती.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, प्रश्न काढताना निदान चार पदं द्या, आणि दुसरा सोपा नियम बसत नाही ना ते एकदा तपासा. उत्तर चुकलं तर 'चूक' लिहिण्याआधी 'कसं काढलंस?' एवढं विचारा. छापील परीक्षेत हे विचारायला कोणी नसतं, हे खरं. म्हणून मुलांना सांगावं लागतं की नियम सापडला की लगेच पर्यायाकडे धावायचं नाही, तो दिलेल्या प्रत्येक पदाला लावून बघायचा, आणि दोन नियम बसत असतील तर जास्त साधा धरायचा. पण घरी, वर्गात विचारायला आपण आहोत.

आपल्या भागात सराव परीक्षांचं वेड नवीन नाही. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं त्यात सराव परीक्षांचा वाटा मोठा होता. बारावीच्या मुलाला त्याचा उपयोग होतो, कारण काय चुकलं हे त्याचं त्याला शोधता येतं. पाचवीच्या लेकराला मात्र ५० पेपर दिले आणि त्याच्या वर्णमालेत ङ नाही हे कोणीच पाहिलं नाही, तर ते ५० वेळा त्याच जागी अडखळणार. पालकांना माझी विनंती आहे की आणखी एक गाइड आणण्याआधी लेकराला जवळ बसवून कोऱ्या कागदावर हे दोन तक्ते काढायला सांगा. कुठे थांबतं ते बघा. बहुतेक वेळा तुमचं उत्तर तिथेच मिळेल.

चार प्रश्न देतो, घरी दोघांनी मिळून करा.

१) ग, छ, ट, ण, ?
२) डी, डब्ल्यू, एफ, यू, एच, ?
३) म, भ, फ, ध, ?
४) बी, सी, ई, ?

पहिल्याचं उत्तर ध, चार-चारने वाढ. दुसऱ्याचं एस. दोन बस समजून सोडवा किंवा जोडीची बेरीज २७ धरून, दोन्हीकडून तेच येतं. तिसऱ्यात उलटं यायचं आहे, २५, २४, २२, १९, म्हणून ण. चौथ्याचं उत्तर मी देत नाही. २, ३, ५ नंतर ८ म्हणणारं लेकरू आणि ७ म्हणणारं लेकरू, दोघांनाही 'कसं?' विचारा, आणि सात म्हणणाऱ्याला मूळ संख्या कुणी शिकवल्या तेही विचारा.